रोजचे शुभ सकाळ आणि सुविचार : ग्रुपवर ठेवावेत की बंद करावेत?

कृष्णाकाठची

मंडळी, तुमचं मत हवंय. आमचा दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सांगलीचा. साठेक जण आहोत. निम्मे सांगली-मिरजेत, बाकीचे पुण्या-मुंबईत, दोघं दुबईत, एकजण कॅनडात. ॲडमिन मी आहे.

पहाटे पाचला पहिलं चित्र येतं. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त नाहीतर स्वामी, शनिवारी मारुती. मग वाफाळता चहा, दव पडलेला गुलाब आणि त्याखाली सुविचार. आठ वाजेपर्यंत स्क्रीनमागून स्क्रीन भरतात. त्या चित्रांना उत्तर म्हणून पुन्हा चित्रंच.

गेल्या आठवड्यात एका वर्गमैत्रिणीची आई गेली. तिने रात्री उशिरा चार ओळी लिहून कळवलं. त्या ओळींच्या बरोबर खाली सकाळी पहिलं काय आलं, तर नाचऱ्या अक्षरांत 'हसत राहा, आयुष्य सुंदर आहे'. पाठवणाऱ्याने वरचं वाचलंच नव्हतं. बऱ्याच जणांना बातमी तिसऱ्या दिवशी कळली, तीही फोनाफोनीतून.

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, चित्रं आणि सुविचार पूर्ण बंद, कामाचं असेल तेवढंच लिहा. दुसरा म्हणतो, मग उरलं काय, वर्षातून एकदाच बोलायचं का? मला वाटतं, सकाळी एकमेकांना हाक मारावीच. आमच्यातले कितीतरी जण त्या एका हाकेवर जोडलेले आहेत. पण ती हाक आपल्या तोंडची असावी.

तुमच्या ग्रुपवर काय केलंत? आणि अशा संदेशांनी कुणाला खरंच बरं वाटतं का?

झणझणीत

बंद करा. विचारताय कशाला? मी सगळे ग्रुप कायमचे म्यूट केलेत. ज्याला माझी आठवण येते तो फोन करतो.

निवांतराव

वाचतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हाच वाद पेटलाय. तिथे तर पाण्याच्या टँकरची वेळ शोधायला अकरा गुलाब ओलांडावे लागतात.

खटपट्या

थोडं तांत्रिक लिहितो, कारण निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

१) सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. चित्र धूसर दिसतं, बोट लावलं तरच उतरतं.

२) त्या ग्रुपपुरती 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. नातवाच्या फोटोंच्या मध्ये गुलाब घुसणार नाहीत.

३) दोन ग्रुप करा. एक 'सूचना', ज्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं (ही सोय २०१८ पासून आहे). दुसरा गप्पांचा. कृष्णाकाठची, तुमच्या मैत्रिणीची बातमी पहिल्यावर गेली असती तर कुणाच्या नजरेतून सुटली नसती.

आणि हा प्रश्न फक्त आपल्या सांगली-साताऱ्याचा नाही. भारतात रोज दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची, असं २०१८च्या सुरुवातीला बातम्यांत आलं होतं. कारण शोधता शोधता गूगलची माणसं आपल्या 'गुड मॉर्निंग'पर्यंत पोचली. 'फाइल्स गो' नावाचं ॲप त्यांनी डिसेंबर २०१७मध्ये आणलं होतं, त्यात अशी चित्रं ओळखून एकगठ्ठा पुसायची सोय दिली.

फुलवात

मी ती चित्रं पाठवते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, ठाण्यात एकटी राहते. तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

आमच्या भजनी मंडळातल्या सहाजणी एकेकट्या राहतो. कुणाची मुलं बंगळुरूला, कुणाची परदेशात, एकीला कुणीच नाही. आमचा नियम आहे : सकाळी आठच्या आत प्रत्येकीचं काहीतरी आलंच पाहिजे. चित्र, अंगठा, काहीही. आठ वाजून गेले आणि एखादीचं आलं नाही, की यादीत जिचा नंबर तिच्याखाली आहे तिने फोन करायचा. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला. प्रत्येकीच्या शेजाऱ्याचा नंबर सगळ्यांकडे आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातली एक मोरीत घसरून पडली. फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता, तिला उठता येईना. सव्वाआठला शेजारच्या बाईंनी कुलूप उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन भजनाला येते.

तुम्हाला तो नुसता गुलाब वाटतो. आम्हाला कळतं, की ही उठली.

झणझणीत

काकू, हे तुम्ही बंद करू नका. कुणी करा म्हटलं तर माझ्याकडे पाठवा. तुमची सहाजणींची हजेरी आहे, तिला माझा सलाम.

माझं भांडण उपदेशाशी आहे. ज्याने आयुष्यात कधी माझी चौकशी केली नाही तो सकाळी सहाला मला 'क्षमा करायला शिका' सांगतो. कुणाला क्षमा करू, ते तरी विचार!

वैदर्भीय

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असते आन् चित्रात बर्फाचा डोंगर. खाली लिहिलंय 'गारेगार सकाळ'. कूलर पुढं बसून पाहिलं तर बरं वाटते, खोटं कायले सांगू.

बाकी ॲडमिन बाईंसाठी एक कामाची गोष्ट : मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिनवर गुन्हा होतो, अशी भीती लोक घालतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलं आहे, की समान हेतू दाखवता आला नाही तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलंच होतं. तेव्हा निर्धास्त ऱ्हा.

आडवाटेचा

धागा छान आहे. थोडं मागे जाऊ.

सुविचाराचं वेड आपल्याला शाळेनं लावलं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वार, पटसंख्या, आणि मध्ये 'आजचा सुविचार'. तो लिहायची पाळी यायची तेव्हा आदल्या रात्री वही धुंडाळून वाक्य शोधायचो, रंगीत खडू मागून आणायचो. 'प्रयत्नांती परमेश्वर' मी किती वर्गांत किती वेळा लिहिलं असेल, हिशोब नाही. ती वही म्हणजे आपला पहिला फॉरवर्ड.

मग एसएमएस आले. एकात इंग्रजी १६० अक्षरं मावत, देवनागरीत लिहिलं तर ७०च. म्हणून अख्खी पिढी मराठी शुभेच्छा रोमन लिपीत लिहायला शिकली. दिवाळी-पाडव्याला कंपन्या सवलतीची पॅक बंद ठेवायच्या आणि प्रत्येक एसएमएसचा पूर्ण दर लावायच्या. मग लोक आदल्या रात्री अकरा-साडेअकरालाच शुभेच्छा पाठवून मोकळे. २०११ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एका सिमवर दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, ती थोड्याच दिवसांत २०० केली. जाहिरातींच्या त्रासावरचा उपाय होता तो, पण कॉलेजातल्या मित्रमंडळींत हाहाकार उडाला होता.

आता अक्षरं फुकट आहेत, म्हणून मोजून-मापून कुणी लिहीत नाही.

पोस्टमास्तर

आडवाटेचा यांचं वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, बरीचशी कोल्हापूर आणि कोकणातल्या लहान कचेऱ्यांत.

साखळीपत्रं ही काही मोबाइलची देणगी नाही. १५ पैशांचं कार्ड होतं तेव्हापासून ती पाहिली आहेत. देवीचा चमत्कार, अमक्याला धन मिळालं, तमक्याने कार्ड फाडलं आणि त्याचं नुकसान झालं, तेव्हा अकरा जणांना पाठवा. नाव नाही, गाव नाही. खेड्यातल्या बायका घाबरून अकरा कार्डं विकत घ्यायला यायच्या. मी त्यांना सांगायचो, 'देवीला पत्ता माहीत आहे, तिला पोस्टाची गरज नाही.' काही ऐकायच्या, काही कार्डं घेऊनच जायच्या.

शुभेच्छापत्रांचं मात्र वेगळं. दिवाळीत पोतीच्या पोती. मला आठवतंय, एक आजी कचेरीच्या पायरीवर बसून नातवाचं आलेलं कार्ड आमच्याकडून वाचून घ्यायच्या. कार्डावर सोनेरी छपाईत चार ओळींची कविता. मी ती वाचायला घेतली, की त्या हाताने थांबवायच्या. 'ते छापलेलं ऱ्हाऊ दे. खाली पेनानं काय लिवलंय ते सांग.' खाली लिहिलेलं असायचं, 'आजी, गुडघा कसा आहे? मे महिन्यात येतो.' ते दोनदा वाचायला लावायच्या.

धागाकर्तीच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

चाफेकळी

मास्तर, _/\_

नदीपल्याड

मी न्यू जर्सीत असते. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलं झोपलेली, भांडी आवरलेली, आणि तेवढ्यात बाबांचा फोटो येतो : अंगणातल्या पारिजातकाचा सडा, कधी आईने काढलेली रांगोळी, कधी नुसता दुधाचा भगुणं भरून उकळता चहा. एका अक्षराचा मजकूर नसतो. त्या फोटोच्या कोपऱ्यात मी बाबांची चप्पल बघते, मागची खिडकी उघडी आहे का बघते, आईच्या औषधांचा डबा ओट्यावर दिसतो का बघते.

नोव्हेंबरात इथलं घड्याळ तासभर मागे जातं आणि फोटो साडेआठला येतो, जेवणाच्या मध्येच. बाबा दरवर्षी विचारतात, 'तुमचं घड्याळ फिरलं का गं?'

त्याच वेळी नात्यातल्या मोठ्या ग्रुपवर शंभर सुविचार येतात. ते मी उघडत नाही.

ऐकणारी

मी समुपदेशक आहे, त्यामुळे 'अशा संदेशांनी बरं वाटतं का' या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

ज्याचं बरं चाललंय त्याला 'सकारात्मक राहा'ने काही बिघडत नाही. पण जो आतून खचला आहे, ज्याला सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकणं जड जातंय, त्याच्यापर्यंत ते वाक्य 'तुला जमत नाही, तुझंच चुकतंय' असं पोचतं. माझ्याकडे येणारी माणसं हे वारंवार बोलून दाखवतात. 'सगळे म्हणतात विचार बदल, आयुष्य बदलेल. मला विचार बदलता येत नाहीत, म्हणजे मी किती कमकुवत.' नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार लागतात. सुविचार उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

पण म्हणून संदेश निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. उलट साध्या संदेशाची ताकद दाखवणारा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात फार मानला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नामुळे रुग्णालयात दाखल होऊन घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटं पत्र जायचं, दुसऱ्याला नाही. पत्रात काय, तर तुम्ही इथून जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. बस. उपदेश नाही, तपासणीला या असा आग्रह नाही, माहितीची मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्या गटातल्या आत्महत्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी राहिलं. पाच वर्षांचा सविस्तर लेख २००१मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या पत्रात एकही सुविचार नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसाला एवढंच कळत होतं, की आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत आणि त्या बदल्यात आपल्याकडून काही नको आहे.

म्हणून ग्रुपवर कुणी गप्प झालं असेल तर त्याला वेगळं, एकट्याला लिहा. 'बरेच दिवस दिसला नाहीस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' हे शेवटचं वाक्य जरूर लिहा, त्याने समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. आणि एखाद्याच्या लिहिण्यात 'आता नकोच' असा सूर दिसला तर संदेशावर थांबू नका, लगेच फोन करा, जवळ जा. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर मात्र सगळ्या ग्रुपवर खुशाल फॉरवर्ड करा.

चाफेकळी

ऐकणारी, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान अचानक गेले. त्या महिन्यात 'जे होतं ते चांगल्यासाठीच होतं' हे मला इतक्यांनी पाठवलं, की फोन हातात घ्यायची भीती वाटायला लागली. पाठवणारी सगळी मायेची माणसं होती. त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून तयार वाक्य उचललं. पण माझ्या बाबतीत ते चांगल्यासाठी झालेलं नव्हतं आणि आजही नाही.

एका मैत्रिणीचा संदेश मी जपून ठेवलाय. आमची ओळख ऑनलाइन विणकामाच्या ग्रुपवर झालेली, तोवर एकदाच भेटलो होतो. तिने लिहिलं : 'आज मुगाची खिचडी आणि कढी केली आहे. डबा तुझ्या दाराच्या कडीला अडकवून जाते. दार उघडू नकोस, बोलू नकोस. रिकामा डबा तिथेच अडकव, उद्या नेईन.' पुढे कित्येक दिवस डबा येत राहिला. रोजचा संदेश म्हणजे फक्त त्या दिवशीच्या भाजीचं नाव. 'दुधी.' 'मेथी.' 'आज कंटाळा आला, पोहे.'

त्या 'पोहे'वर मी पहिल्यांदा हसले.

मीठभाकर

चाफेकळी ताई, तुमच्या मैत्रिणीला देवगडचा एक डबा हापूस पाठवायची इच्छा आहे. पत्ता मागत नाही, पण मनापासून लिहितोय.

वाचनवेडी

मला वेगळ्याच गोष्टीचा त्रास होतो : खोट्या नावांचा. कुणाचंही वाक्य उचलायचं आणि खाली कलाम, चाणक्य, विवेकानंद नाहीतर एखाद्या लाडक्या मराठी लेखकाचं नाव चिकटवायचं. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात, अर्थव्यवस्थेबद्दल धीर देणारा एक मजकूर रतन टाटांच्या नावाने घरोघर फिरत होता. शेवटी त्यांना स्वतः जाहीर करावं लागलं, की हे मी बोललोही नाही आणि लिहिलंही नाही.

फुलवात

चांगलं वाक्य कुणाचं का असेना, चार माणसांना धीर आला ना?

वाचनवेडी

फुलवात काकू, इथे मी तुमच्याशी असहमत. माझी एक मैत्रीण कविता करते. वडील गेल्यावर तिने एक कविता लिहिली आणि जवळच्या दहा-बारा जणांना पाठवली. दीड वर्षाने तीच कविता तिच्याच नात्यातल्या ग्रुपवर आली. खाली 'अनामिक', मागे सूर्यास्ताचं चित्र, आणि शेवटचं कडवं बदललेलं. कुणीतरी त्याला आनंदी शेवट लावला होता. तिचं दुःख तिच्या परवानगीशिवाय दुरुस्त केलं गेलं. ती त्यानंतर कुणाला कविता पाठवत नाही.

ज्याने जीव ओतून लिहिलं त्याचं नाव राहिलंच पाहिजे. माहीत नसेल तर पुढे पाठवू नये.

फुलवात

हे बाई पटलं. कवितेचं पटलं. देवाच्या चित्राला काही कवी नसतो, ती मी पाठवणार.

जिज्ञासू

ऐकणारी यांच्या प्रतिसादाला जोड. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये १३ प्रयोग प्रसिद्ध केले, जवळपास ६,००० माणसांवर. जुन्या ओळखीच्या माणसाला सहज दोन ओळी पाठवल्या तर त्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारा कमी बांधतो. समोरच्याला त्याहून बरंच जास्त बरं वाटतं. संदेश जितका अनपेक्षित तितकी ही तफावत मोठी.

म्हणजे 'त्याला काय वाटेल, इतक्या वर्षांनी कशाला' हा संकोच बहुतेक वेळा फुकटचा असतो. पण 'अनपेक्षित' हा शब्दही बघा. रोज पहाटे ५:४०ला येणारं चित्र कुणाला अनपेक्षित नसतं.

नदीपल्याड

जिज्ञासू, बाबांचा फोटो मला रोज अपेक्षित असतो आणि रोज बरं वाटतं. सगळं प्रयोगात मावत नाही हो.

वसतिगृहवाली

मी इथली बहुधा सगळ्यात लहान. आमच्या वयाचे 'शुभ सकाळ'ला नावं ठेवतात आणि दिवसभर एकमेकांना मीम पाठवतात. रात्री दोनला मैत्रीण मांजराचं रील पाठवते, त्याचा अर्थ 'मी जागी आहे, अभ्यास होत नाहीये, तू आहेस का?' काहीजण तर स्नॅपचॅटचा स्ट्रीक (रोज न चुकता पाठवल्याची सलग मोजणी) तुटू नये म्हणून रोज छताचा फोटो पाठवतात. आजीचा गुलाब आणि आमचं छत, काय फरक आहे?

माझ्या आजीला मी मीम पाठवायला शिकवलंय. तिला अर्धे कळत नाहीत, पण ती विचारते, 'यात हसायचं काय ते सांग.' मग पंधरा मिनिटं बोलणं होतं.

मीठभाकर

आमच्या बागायतदारांच्या ग्रुपची पद्धत सांगतो, कदाचित उपयोग होईल. शुभ सकाळ लिहायला बंदी नाही, पण सोबत आपल्या बागेतली एक गोष्ट लिहायची. 'शुभ सकाळ, पहाटे चांगली थंडी, वरच्या कलमांना मोहोर.' 'शुभ सकाळ, तुडतुडे दिसले, कोण काय फवारतंय?' 'शुभ सकाळ, आज ढग, काळजी आहे.' कुणाच्या बागेत फुलकिडे आले तर दोन वाड्या पलीकडचा सावध होतो.

आधी इथेही चित्रंच यायची. मग एका वर्षी मोहोर मोठ्या प्रमाणात गळला, माणसं खरोखर हवालदिल झाली, आणि कुणाला चित्र टाकवेना. तेव्हापासून लिहायची सवय लागली. ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी 'धीर धर' म्हणत नाही. 'उद्या तुझ्याकडे दोन गडी पाठवतो' म्हणतात.

झणझणीत

मीठभाकर, हे सोन्यासारखं आहे. असा ग्रुप मी अनम्यूट करेन.

खटपट्या

एक धोक्याची सूचना, कारण सणवार जवळ आलेत. 'तुमच्या नावाची शुभेच्छा बघण्यासाठी इथे दाबा' असल्या लिंकवर बोट लावू नका. लग्नपत्रिका म्हणून येणारी, शेवटी 'एपीके' असलेली फाइल तर अजिबात उघडू नका. ती पत्रिका नसते, ॲप असतं; फोनमधले संदेश आणि ओटीपी वाचतं आणि खातं रिकामं करतं. ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

आणि संदेशावर दोन बाण व 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर समजा, तो तुमच्यासाठी कुणी लिहिलेला नाही. असे संदेश एप्रिल २०२०पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतात, ते याचसाठी.

निवांतराव

अवांतर : चाफेकळी ताई, मुगाच्या खिचडीसोबतची कढी ताकाची की कोकमाची?

चाफेकळी

ताकाची, आलं-मिरची ठेचून, वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. पातळ. भातावर ओतली की खाली उतरली पाहिजे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळा धागा पुन्हा वाचला आणि ग्रुपवर हे मांडलं :

सूचनांचा वेगळा ग्रुप. त्यात फक्त दुःखद बातमी, आजारपण, लग्नकार्य, स्नेहसंमेलन. गप्पांच्या ग्रुपवर फॉरवर्ड बंद. शुभ सकाळ हवं त्याने रोज लिहावं, पण सोबत स्वतःची एक ओळ किंवा स्वतः काढलेला फोटो, मीठभाकर यांच्यासारखं. आणि कुणी शोकात असेल तर त्या दिवशी गप्पांच्या ग्रुपवर सगळ्यांनी थांबायचं.

बहुतेकांनी मान्य केलं. ज्या मैत्रिणीची आई गेली, तिच्याकडे आम्ही चौघी रविवारी जाऊन आलो.

एक अडचण उरलीय. आमच्यातला एक मित्र शाळा सोडल्यापासून फारसा लिहीत नाही. गॅरेज चालवतो. हाताने लिहायला लाजतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल म्हणून. तो रोज मारुतीचं चित्र टाकायचा, सगळ्यात आधी. नियम ऐकून काल दिवसभर त्याचं काहीच आलं नाही. त्याला बाहेर ठेवणारा नियम मला नकोय.

पोस्टमास्तर

त्याला मारुती टाकू द्या. त्याची सही आहे ती.

ऐकणारी

सहमत. आणि आज त्याला तुम्हीच फोन करा. नियम समजवायला नको, गॅरेज कसं चाललंय ते विचारायला.

खटपट्या

कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, मराठी निवडा, बोला, आपोआप टंकतं. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठीला ही सोय २०१७पासून आहे. शुद्धलेखन बरंचसं तोच सांभाळतो. नाहीतर सरळ आवाजी संदेश. गॅरेजमध्ये मागे हातोड्याचा आवाज आला तर अजूनच छान.

कृष्णाकाठची

आत्ताच बोलले. 'मारुती टाकलास तरी चालेल, पण रविवारी स्कूटर घेऊन येते तेव्हा माइक कसा वापरायचा ते दाखवते' म्हटलं. स्कूटरचा ब्रेक तो बघणार आहे. ग्रुपवर त्याचा पहिला आवाजी संदेश मघाशी आला : 'हॅलो, ऐकू येतंय का सगळ्यांना?' खाली चाळीस जणांनी 'येतंय' लिहिलंय.

फुलवात काकू, तुमची आठ वाजताची यादी आमच्यातल्या एकट्या राहणाऱ्यांसाठी सुरू करतेय. सध्या पाचजण तयार झालेत. शेजाऱ्यांचे नंबर गोळा करतेय.

फुलवात

नंबरासोबत शेजाऱ्याकडे किल्ली आहे का तेही विचार गं. आणि जो पहाटे फिरायला जातो त्याने निघताना कळवायचं, आल्यावर नाही. आमच्याकडे दोनदा उगाच धावपळ झाली आहे.